माशाच्या डोळ्याची तुटलेली नस परत जुळते, मग माणसाची का नाही?

बोडीवाला
मुक्काम अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया. आमच्या गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय. 'माशाच्या डोळ्याची नस तुटली तरी परत येते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. म्हणून काचबिंदूवाल्यांनी रोज माशाचं मुंडकं खावं.' खाली कुठल्याशा तेलाच्या बाटलीचा फोटो आणि मोबाइल नंबर. आमच्या बाबांना काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याने बाजूचं दिसत नाही. मेसेज वाचल्यापासून ड्रॉप बंद करायचं म्हणताहेत. मी स्वतः बोडीत (छोट्या तळ्यात) रोहू-कतला पाळतो, त्यामुळे मुंडक्यांना तोटा नाही. पण मला मेसेजच्या पहिल्या अर्ध्याबद्दल विचारायचंय. नस खरंच परत येते का? येत असेल तर कशी? बाबांना नुसतं 'खोटं आहे' सांगून भागत नाही, ते हेडमास्तर होते. कारण लागतं.

तर्रीपोहे
मुंडक्याचा रस्सा सर्दीला चालते बाप्पा, काचबिंदूचं माहीत नाही. जाणकार येतीलच. मी बसलो प्लेट घेऊन.

निळा_चष्मा
मी तालुक्याच्या ठिकाणी डोळे तपासतो, म्हणून आधी घाईचं सांगतो. ड्रॉप बंद करू नका. काचबिंदूत डोळ्यातल्या दाबामुळे (काहींच्या बाबतीत दाब नेहमीइतका असतानाही) ऑप्टिक नर्व्हचे तंतू एकेक करून मरतात. दुखत नाही, लाली नाही, आणि नजर कडेकडून जाते, त्यामुळे माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. ड्रॉप गेलेली नजर आणत नाहीत, उरलेली राखतात. म्हणूनच रुग्णाला वाटतं 'काही फरक पडत नाही' आणि बाटली फडताळात जाते.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा नेहमीचा. मोतीबिंदू आणि काचबिंदू एकच समजतात आणि 'पिकू द्या, मग ऑपरेशन करू' म्हणून वाट पाहत बसतात. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत नस जाते. ती बसवता येत नाही. आणि बोडीवाले भाऊ, तुमचं वय चाळिशीच्या पुढे असेल तर तुमचा आणि तुमच्या भावंडांचाही दाब आणि नस तपासून घ्या, हा आजार घराण्यात चालतो.

मुंडक्याबद्दल: मासा खा, चांगलं अन्न आहे. पण पोटात गेल्यावर त्याची प्रथिनं तुटून अमिनो आम्लं होतात. माशाच्या पेशीला जे जमतं ते ताटातून आपल्या पेशीत येत नाही. माशाला ते कसं जमतं, हे संशोधनवाल्यांनी सांगावं.

रेटिना_उवाच
हजर. मूळचा पवनीचा, सध्या झेब्राफिशच्या प्रयोगशाळेत.

मेसेजचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि बराच जुना आहे. गोल्डफिशची ऑप्टिक नर्व्ह भूल देऊन चिमट्याने दाबली की तो मासा त्या डोळ्याने आंधळा होतो. साधारण दोन आठवड्यांत नवे तंतू मेंदूत पोचायला लागतात आणि महिना-दीड महिन्यात मासा त्या डोळ्याने पुन्हा बघायला लागतो. झेब्राफिश बोटभर लांबीचा, अंतर कमी, म्हणून त्याचं काम आणखी लवकर होतं.

आता कसं ते. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांची खबर दोन टप्प्यांतून गँग्लियन पेशींकडे येते. प्रत्येक गँग्लियन पेशीचा एक लांब तंतू मेंदूपर्यंत जातो, आणि या तंतूंची जुडी म्हणजे ऑप्टिक नर्व्ह. माणसात असे तंतू दहा-बारा लाख. नस तुटली की तुटल्या जागेपासून मेंदूकडचा तुकडा मरतोच, माशातही मरतो. तो कुणातच 'जुळत' नाही. फरक पडतो तो मागे डोळ्यात राहिलेली मूळ पेशी काय करते याने.

उंदीर-घुशीच्या जातीत नस डोळ्याजवळ कापली तर दोनेक आठवड्यांत बहुतेक गँग्लियन पेशी मरून जातात. माशात बहुतेक जगतात. नुसत्या जगत नाहीत, फुगतात, आणि त्यांचा सगळा कारभार बदलतो. एरवी संदेश पाठवण्याचं काम करणारी पेशी ते बाजूला ठेवून तंतू बांधायच्या मालाच्या मागे लागते. जीएपी-४३ नावाचं एक प्रथिन आहे, वाढत्या तंतूच्या टोकाशी गोळा होणारं. गोल्डफिशच्या वाढत्या नसेत ते भरपूर तयार होतं, त्याच्या सुरुवातीच्या अभ्यासात या नसेचा मोठा वाटा आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या गटाने २०१९ मध्ये प्रौढ झेब्राफिशमध्ये दाखवलं की नस दुखावल्यावर गँग्लियन पेशी आधी आपल्या डेंड्राइट, म्हणजे डोळ्याच्या आत खबर घेणाऱ्या फांद्या, आखडून घेते. मग तंतू मेंदूकडे वाढतो. तो पोचल्यावर फांद्या पुन्हा पसरतात. फांद्या आखडू दिल्या नाहीत तर तंतूची वाढही खुंटते. पेशीकडे ऊर्जा मोजकी आहे, एका वेळी एकच बाजू बांधायला पुरते, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे मधल्या काळात ती पेशी दोन्हीकडून आंधळी असते: मेंदूशी संबंध नाही, पडद्याशीही जेमतेम.

जाळं_आणि_डोंगा
मी ढीवर. आमची संस्था मामा तलाव, म्हंजे जुने मालगुजारी तलाव, घेते ठेक्यानं. एक सांगा सर, तलावात एका डोळ्याचे मासे लई सापडते. डोळा पांढरा पडेल राह्यते नाही तर खोबणीच रिकामी. नस परत येते म्हणता, मंग या मास्याचा डोळा काऊन नाही आला?

रेटिना_उवाच
दादा, हा प्रश्न आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुचत नाही. नस परत येते ती मागे पेशी जिवंत असली तर. बगळ्याने अख्खा डोळाच फोडला तर पेशीही गेल्या, मग वाढायचं कुणी? पांढरा डोळा बहुधा भिंगाचा रोग. डिप्लोस्टोमम नावाचा एक चपटा किडा आहे. तो गोगलगायीतून पाण्यात येतो, माशाच्या अंगात शिरून डोळ्याच्या भिंगात जाऊन बसतो, आणि तो मासा पक्ष्याने खाल्ला की पक्ष्याच्या आतड्यात वाढून अंडी घालतो. भिंग पांढरं झाल्यावर नस कितीही चांगली असो, उजेडच आत जात नाही.

एक गोष्ट मात्र नक्की पाहिली असेल तुम्ही. नुकताच एका डोळ्याने गेलेला मासा जरा कलून पोहतो. माशाची सवय अशी की उजेड जिकडून येतो तिकडे पाठ करायची. एकाच डोळ्याला उजेड दिसला की त्याला वाटतं उजेड त्याच बाजूने येतोय, आणि पाठ त्या बाजूला कलते. प्रयोगात नस परत आली की नाही हे ओळखायला ही कल वापरतात.

जाळं_आणि_डोंगा
कलते, बरोबर. आमी म्हणतो त्याले चक्कर आली.

पळसवाडी
मी भंडारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या दोन शंका. एक, लाखभर तंतू एकदम वाढायला लागले तर कोणता तंतू मेंदूत कुठे जायचा हे कसं ठरतं? चुकीच्या जागी गेले तर चित्र उलटंसुलटं दिसायला हवं. दोन, हे सगळं माशाकडे आहे आणि आपल्याकडे नाही, असं का? आपण तर जास्त 'प्रगत' ना?

रेटिना_उवाच
ताई, पहिल्या शंकेवर विसाव्या शतकात गुरू-शिष्यांची गाजलेली लढाई झाली आहे. शिकागोत पॉल वाइस म्हणत, तंतू कसेही वाढू देत, वापरता वापरता मेंदू त्यांना जुळवून घेतो. त्यांचाच विद्यार्थी रॉजर स्पेरी. त्याने १९४० च्या दशकात बेडूक आणि सॅलमँडरसारख्या प्राण्यांची ऑप्टिक नर्व्ह कापली आणि वर डोळाही खोबणीत १८० अंशांनी फिरवून ठेवला. नस वाढली, नजर आली, पण जग उलटं! माशी वर असली की बेडूक खाली झेप घ्यायचा. आणि तो शेवटपर्यंत सुधारला नाही. शिकून जुळवून घेतलं असतं तर सुधारायला हवा होता. म्हणजे प्रत्येक तंतू आपल्या जुन्याच ठिकाणी परत गेला होता.

१९६३ मध्ये अट्टार्डी आणि स्पेरी यांनी गोल्डफिशमध्ये पुढची पायरी केली. डोळ्याच्या पडद्याचा एक भाग काढून टाकला आणि नस कापली. उरलेल्या पडद्याचे तंतू मेंदूतल्या रिकाम्या जागा ओलांडून आपापल्या ठरलेल्या भागातच गेले. स्पेरीचं म्हणणं होतं की पेशींवर रासायनिक खुणा असतात, त्यावरून तंतू जागा ओळखतो. त्या खुणा हाती लागायला १९९५ साल उजाडलं. एफ्रिन नावाची प्रथिनं मेंदूत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत्या प्रमाणात असतात आणि तंतूंवर त्यांचे ईफ ग्राहक (एफ्रिन ओळखणारी प्रथिनं) कमीजास्त असतात. जास्त ग्राहकवाला तंतू जास्त एफ्रिनच्या भागातून माघार घेतो. स्पेरीला १९८१ चं नोबेल मिळालं, ते मात्र मेंदूच्या दोन अर्धगोलांवरच्या कामासाठी.

(माशात एका डोळ्याचे सगळे तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात, उजव्या डोळ्याचे डाव्या टेक्टममध्ये (टेक्टम म्हणजे माशाच्या मेंदूतला नजरेचा भाग). आपल्यासारखे अर्धे इकडे अर्धे तिकडे नाहीत. त्यामुळे प्रयोग करणाऱ्याची सोय होते.)

पण वाइस पूर्ण हरले असं मी म्हणणार नाही. खुणांवरून तंतू साधारण वस्तीत पोचतो. तिथे तो आधी बराच ऐसपैस पसरतो, दहा दारं ठोठावतो. मग पुढच्या आठवड्यांत-महिन्यांत नको ती जोडणी सुटते आणि नेमकी तेवढी राहते. हे काम डोळा चालू असल्याशिवाय होत नाही. १९८० च्या दशकात गोल्डफिशच्या डोळ्यात टेट्रोडोटॉक्सिन (पफर माशाचं विष, चेतापेशीतला विद्युतसंदेश बंद करतं) टोचून पाहिलं. तंतू वाढले, मेंदूत पोचले, पण नकाशा ढोबळच राहिला. त्याहून गमतीचं म्हणजे माशांना सतत लुकलुकणाऱ्या स्ट्रोबच्या उजेडात ठेवलं तरी तेच झालं. पेशी तर भरपूर चालू होत्या! अडचण ही की सगळ्या एकदम पेटत आणि एकदम विझत होत्या. एरवी शेजारच्या पेशी साधारण एकाच वेळी बोलतात आणि लांबच्या वेगळ्या वेळी, त्यावरून मेंदूला शेजार कळतो. ग्रामसभेत सगळ्यांनीच एकदम हात वर केले तर कोण कुठल्या वॉर्डाचा हे कसं कळणार, तशातली गत.

म्हणून 'नस वाढली' आणि 'दिसायला लागलं' या दोन वेगळ्या घटना आहेत. बातम्या पहिल्या घटनेवर येतात. काम दुसरीत अडतं.

तर्रीपोहे
आमच्या नागपुरात रस्ता होते पण पाट्या लागत नाही, तसं.

रेटिना_उवाच
आता दुसरी शंका. मासा आयुष्यभर वाढत राहतो, त्याचा डोळाही. पडद्याच्या कडेला नव्या गँग्लियन पेशी तयार होत असतात, त्यांचे तंतू रोज मेंदूकडे निघालेले असतात. पडदा सगळीकडून गोल वाढतो, टेक्टम मात्र मुख्यतः मागच्या बाजूने. त्यामुळे जुन्या जोडण्याही सरकत सरकत बदलाव्या लागतात. म्हणजे तंतू वाढवणं, जागा शोधणं, जोडणं-सोडणं हे माशाचं चालू खातं आहे. नस तुटली की तीच यंत्रणा मोठ्या प्रमाणावर कामाला लागते. आपला मेंदू लहानपणी बांधून झाला की ते काम बंद करतो. प्रगत-अप्रगत हे शब्द इथे मला तरी उपयोगाचे वाटत नाहीत.

आणखी एक अडथळा रस्त्याचा. आपल्या मेंदूतल्या तंतूंभोवती मायलिनचं वेष्टण असतं. मार्टिन श्वाब यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की हे मायलिन वाढत्या तंतूला थांबवतं. त्यातल्या एका प्रथिनाचं नाव पुढे नोगो पडलं. माशाच्या नसेतल्या आवरण बनवणाऱ्या पेशी तंतूला अडवत नाहीत. क्लाउडिया श्टुर्मर यांच्या गटाने त्या पेशींवर घुशीचे तंतूही वाढवून दाखवले. उलट केलं, माशाचा तंतू घुशीच्या तसल्या पेशींपुढे ठेवला, की तो मागे हटतो.

निळा_चष्मा
याला जोडून. कोयत्याने बोटाची नस कापली आणि नीट शिवली तर संवेदना हळूहळू परत येते, नस दिवसाला एखादा मिलिमीटर वाढते. धानकापणीच्या दिवसांत असे रुग्ण सरकारी दवाखान्यात येतातच. म्हणजे माणसात नस वाढतच नाही असं नाही. पण ऑप्टिक नर्व्ह हातापायाच्या नसांसारखी नाही, ती मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे.

रेटिना_उवाच
नेमकं हेच माँट्रियालमध्ये आल्बर्ट अग्वायो यांनी १९८० च्या दशकात वापरलं. घुशीच्या पायाची नस काढून डोळ्यामागे जोडली. एरवी हलायला तयार नसणारे काही ऑप्टिक तंतू त्या नसेतून लांबवर वाढले. क्षमता मेलेली नाही, दाबलेली आहे, हे तेव्हा कळलं.

बोडीवाला
बाबांना हे सगळं रात्री वाचून दाखवलं. अग्वायोपाशी आल्यावर उठून बसले. त्यांचे प्रश्न जसेच्या तसे देतो. 'उंदरात आजपर्यंत कुठवर आलं? माणसात का केलं नाही? आणि डोळाच बदलला तर?'

रेटिना_उवाच
काकांना नमस्कार. क्रमाने सांगतो.

उंदरात २००८ साली झिगांग हे ('हे' हे आडनाव) यांच्या गटाने पेशीतलं पीटेन नावाचं जनुक काढून टाकलं. ते वाढीला ब्रेक लावतं. ऑप्टिक तंतू पूर्वीपेक्षा बरेच वाढले. २०११ मध्ये एसओसीएस३ नावाचा दुसरा ब्रेकही सोबत काढला, आणखी वाढले. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने वाढीचा मार्ग जनुकाने उघडला आणि त्याच वेळी उंदरांना ठळक काळ्या-पांढऱ्या हलत्या आकृत्या दाखवत ठेवल्या. दोन्ही एकत्र केल्यावर काही तंतू मेंदूतल्या बरोबर जागी पोचले आणि थोडीफार नजर परत आली. माशात डोळा चालू असावा लागतो म्हटलं ना, त्याचीच ही सस्तन प्राण्यातली बहीण. त्याच वर्षी आणखी एक अडचण उघड झाली: वाढलेल्या तंतूंवर मायलिन चढत नाही, त्यामुळे संदेश रखडतो.

माणसात का नाही? पीटेन हे गाठी रोखणारं जनुक आहे. ते बंद करणं म्हणजे कॅन्सरला वाट मोकळी करणं. शिवाय उंदराच्या डोळ्यापासून मेंदू काही मिलिमीटरवर, आपला काही सेंटीमीटरवर. आणि काचबिंदूत तर नस कापली जात नाही, मूळ पेशीच वर्षानुवर्षं मरत जातात. डोंगावाल्या दादांनी विचारलेला प्रश्न इथे परत येतो: पेशीच नसेल तर वाढायचं कुणी? माशाकडे त्यालाही एक तोड आहे. त्याच्या पडद्यातल्या म्युलर नावाच्या आधारपेशी मागे फिरून नव्या चेतापेशी बनवतात. पण तो वेगळा कारखाना आहे, नस वाढण्याशी त्याची गल्लत करू नये. मेसेजवाल्याने दोन्ही मिसळलेले दिसतात.

डोळा बदलणं: मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा एका माणसाला अख्खा डोळा बसवला, चेहऱ्याच्या काही भागासोबत. डोळा जिवंत राहिला, रक्तपुरवठा चालू राहिला. दिसलं काही नाही, कारण नस.

निळा_चष्मा
काकांसाठी आणखी एक, थोडं विषयाबाहेरचं पण महत्त्वाचं. डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ड्रॉप आणू नका. कित्येकांत स्टेरॉइड असतं, काही जणांचा दाब त्याने चढतो. त्या तेलाच्या बाटलीत काय आहे ते तर देवालाच ठाऊक. डोळ्यात घालायला सांगितलंय की प्यायला?

बोडीवाला
दोन्ही लिहिलंय! बाबांनी ग्रुपवर त्या माणसाला सवाल टाकला, 'पीटेनबद्दल आपले मत काय?' त्याने बाबांना ब्लॉक केलं. ड्रॉप चालू आहेत. माझी तपासणी पुढच्या बाजाराच्या दिवशी.

जाळं_आणि_डोंगा
मास्तरनं मास्तरकी दाखवली! पण सर, मास्याची नस तोडून पाहता, त्याले त्रास होत असल ना? आमी मारतो ते खायासाठी.

रेटिना_उवाच
होतो, म्हणून भूल देऊनच करावं लागतं. आपल्याकडे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यावर प्रयोग करायचा तर संस्थेच्या नैतिक समितीची आगाऊ परवानगी लागते, किती मासे आणि का हे लिहून द्यावं लागतं. मला तरी तो कागद भरताना दर वेळी जड जातं, आणि जायलाच हवं.

पळसवाडी
शाळेत नस तोडायचा प्रश्नच नाही. पण 'मासा बघतोय' हे मुलांना दाखवता येईल असं काही आहे का? आमच्याकडे मायक्रोस्कोप एक, तोही हलतो.

रेटिना_उवाच
आहे, आणि आम्ही लाखोंच्या यंत्राने जे करतो त्याचंच हे गरीब भावंड. झेब्राफिश मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, १८२२ मध्ये हॅमिल्टन या निसर्ग-अभ्यासकाने तिथूनच त्याचं वर्णन केलं. नागपूरच्या मत्स्यालयाच्या दुकानांत स्वस्तात मिळतो. काचेच्या बरणीत दोन-तीन मासे सोडा आणि अर्धा तास निवांत राहू द्या. चार्ट पेपरवर बोटभर रुंदीचे काळे उभे पट्टे रंगवून त्याची नळी करा, बरणीभोवती सहज फिरेल इतकी मोठी, बरणीला न टेकणारी. उजेड वरून हवा. नळी हळू, एका वेगाने फिरवली की मासे पट्ट्यांच्या मागे पोहायला लागतात. दिशा बदला, तेही वळतात. पट्टे बारीक करत गेलात तर एका रुंदीनंतर ते लक्षच देत नाहीत. तिथे त्यांची नजर संपली. मुलांना तो आकडा स्वतः काढू द्या.

पळसवाडी
बरणी गोल की चौकोनी? प्रयोगशाळेत लोणच्याच्या दोन्ही आहेत.

रेटिना_उवाच
गोल. कोपरा असला की मासे कोपऱ्यात जाऊन बसतात. आणि लोणच्याचं मीठ-तेल नीट धुवा, साबण लावू नका. पाणी नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग भरा.

तर्रीपोहे
लोणचं कोणाकडे गेलं ते पण सांगा कोणीतरी.